बीड जिल्ह्यातील दृष्टिहीन : हक्क, प्रमाणपत्र आणि समाजजीवन

न दिसणाऱ्या माणसासाठी मराठीत नावांची वाण नाही. गावात आदराने त्याला 'सूरदास' म्हणतात, राग आला की 'आंधळा' म्हणतात. सरकारी कागदावर तो पूर्वी 'अपंग' होता, आता 'दिव्यांग' आहे. म्हणींनी तर त्याला जात्यावर बसवून पीठ कुत्र्याला खाऊ घातले आहे. या साऱ्या नावांमध्ये त्याचे स्वतःचे नाव तेवढे मागे पडते. बीड जिल्ह्यात पखवाजावर साथ करणाऱ्या एखाद्या अंध वादकाला पंचक्रोशी ओळखते, पण विचारले तर त्याचे आडनाव पुष्कळांना सांगता येत नाही.

कायद्याला मात्र नावापेक्षा माप लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे शक्य ती सर्व दुरुस्ती करूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असेल, तर ती व्यक्ती अंध समजली जाते. साध्या भाषेत सांगायचे तर, निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून ओळखू येणारे अक्षर तिला ३ मीटरवरूनही ओळखता येत नाही. ६/१८ ते ३/६० या टप्प्यातील दृष्टीला, तसेच ४० ते १० अंशांपर्यंत आकसलेल्या दृष्टिक्षेत्राला अल्पदृष्टी म्हणतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोषामुळे दिव्यांग म्हणून नोंदलेल्यांची संख्या पावणेसहा लाखांच्या घरात होती. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के ठरविले. बीड जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. देशाची सरासरी तिला लावली, तर जिल्ह्यातील अंधांची संख्या नऊ हजारांच्या आसपास येते. अल्पदृष्टी असलेले त्याहून निराळे.

यांतील पुष्कळांचे अंधत्व टाळण्याजोगे असते. त्याच सर्वेक्षणानुसार पन्नाशी ओलांडलेल्या अंधांपैकी सुमारे ६६ टक्के लोक मोतीबिंदूमुळे अंध होते, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते. मग माणसे का राहतात? बीडपुरते एक उत्तर ऊसतोडीच्या वेळापत्रकात सापडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, त्यामुळे घरात मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि काही मुले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थंडीतच करावी, उन्हाळ्यात डोळा चिघळतो, हा समज खेडोपाडी अजून पक्का आहे. आजच्या शस्त्रक्रियेला ऋतूचे बंधन नाही, हे नेत्रतज्ज्ञ सांगून थकले. म्हणजे म्हातारीच्या मते डोळा करून घ्यायचा तो हिवाळा, आणि तिला दवाखान्यात नेणारा मुलगा त्याच हिवाळ्यात उसाच्या फडात. पाडव्यानंतर तो येतो तेव्हा ऊन वाढलेले असते. एक वर्ष गेले, पुढचेही असेच जाते.

फडातील मंडळींच्या डोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. उसाचे पाते करवतीसारखे असते. ते बुबुळाला घासले की जखम होते, तीत बुरशीचा संसर्ग होतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर बुबुळावर फूल पडते. पन्नाशीच्या आतील अंधत्वाच्या कारणांत बुबुळाचा अपारदर्शकपणा पहिल्या क्रमांकावर, सुमारे ३७ टक्के आहे, ही त्या सर्वेक्षणातील नोंद शेतमजुरांच्या जिल्ह्याने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. नेत्रदानाचा उपयोग होतो तो याच रुग्णांना. दान केलेल्या डोळ्यातील पारपटल तेवढे बसविता येते, संपूर्ण डोळा नव्हे. ज्याचा पडदा किंवा दृष्टीची शीर निकामी झाली आहे त्याला नेत्रपेढीचा उपयोग नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरांत आनुवंशिक दृष्टिदोषांचा धोका अधिक असतो. त्यांतील एक रोग रातांधळेपणापासून सुरू होऊन हळूहळू दृष्टीचे वर्तुळ आवळत नेतो. अशा रुग्णाला बरे करण्याची भाषा फार काळ बोलत राहिले, तर त्याच्या शिक्षणाची वर्षे हातची जातात.

प्रमाणपत्राचा उंबरठा

दृष्टी परत येणार नाही हे ठरल्यावर पहिली पायरी असते ती प्रमाणपत्राची. किमान ४० टक्के दिव्यांगत्व नोंदलेले असल्याशिवाय आरक्षण, अनुदान, प्रवास सवलत यांपैकी बहुतेक गोष्टींचे दार उघडत नाही. अर्ज आता संगणकीय पद्धतीने होतो व देशभर चालणारे वैश्विक ओळखपत्र मिळते. तपासणी मात्र देहानेच द्यावी लागते. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही जिल्ह्यातील दोन मोठी सरकारी ठिकाणे. आष्टी तालुक्याच्या गावाला अहिल्यानगर जवळचे, पण नियम राहत्या जिल्ह्याचा किंवा जेथे उपचार चालू आहेत त्या रुग्णालयाचा. अंध माणूस एकटा येत नाही, त्याच्याबरोबर एक डोळस माणूस येतो आणि त्या दिवशीची दोघांची मजुरी बुडते. तज्ज्ञ त्या दिवशी नसले तर दोन दिवसांची.

अल्पदृष्टी असलेल्यांची अवस्था याहून बिकट होते, कारण त्यांच्यावर कोणी चटकन विश्वास ठेवत नाही. असा मुलगा दिवसा अंगणात धावतो, पण फळ्यावरचे वाचू शकत नाही. स्थानकावर उभी असलेली एस.टी. त्याला दिसते, तिच्या पाटीवरचे गाव दिसत नाही. दृष्टिक्षेत्र आकसलेल्या माणसाला समोरचे वर्तमानपत्र वाचता येते, पण शेजारून आलेली मोटारसायकल कळत नाही. घरचे म्हणतात आळशी आहे, शाळा म्हणते लक्ष नाही, आणि सवलत मागितली की लोक म्हणतात ढोंग करतो. पहिल्या बाकावर जागा, ठळक काळ्या शाईतील मोठा टाइप, भिंग आणि खिडकीचा उजेड एवढ्यावर यांतील अनेक मुले डोळस मुलांबरोबर शिकू शकतात. त्यांना ब्रेलही लागत नाही. पण हे सुचविण्यासाठी आधी कोणीतरी त्यांचे डोळे नीट तपासलेले असावे लागतात.

ढोंगाचा हा संशय निव्वळ हवेतून आलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२२-२३ मध्ये बीड जिल्हा परिषदेने बदलीत सवलत मिळविण्यासाठी सादर झालेल्या दिव्यांग प्रमाणपत्रांची फेरतपासणी करविली आणि तीनंतर काही शिक्षकांना निलंबित केले. प्रकरण राज्यभर गाजले. खोट्या कागदाची किंमत अखेर खऱ्या माणसाने मोजायची असते. त्यानंतर खिडकीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक अल्पदृष्टी उमेदवाराकडे थोड्या अधिक रोखून पाहिले जाते, आणि ज्याला समोरच्याची नजर दिसत नाही त्यालाही आवाजातला बदल कळतो.

दयेकडून हक्काकडे

भारतातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० मध्ये शाळा सुरू केली, तीच पुढे दादरची अंध मुलींची शाळा म्हणून नावारूपास आली. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली आणि १९३४ मध्ये पुण्याची अंधशाळा. या यादीत मराठवाडा नाही, यात नवल नाही. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात राहिले. मुंबई-पुण्यातील शाळा बीडच्या अंध मुलासाठी अक्षरशः परराज्यात होत्या. अंतर रेषेवरून पुसले गेले तरी संस्थांची घडी एका रात्रीत बसत नाही, आणि पन्नास वर्षांनी उशिरा सुरू झालेल्या प्रदेशाला ती तूट अजून भरून काढावी लागत आहे.

१९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघ म्हणजेच 'नॅब' स्थापन झाला. शाळा, उद्योगगृहे, ब्रेल छपाई, बोलकी पुस्तके या कामांचा पाया या पिढीने घातला. त्यांचे मोल मोठे आहे, परंतु त्या काळातील बहुतेक संस्था अंधांसाठी होत्या, अंधांच्या नव्हत्या. विश्वस्त डोळस, लाभार्थी अंध. १९७० मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय दृष्टिहीन महासंघाने हे उलटे केले. सभासद अंध, पदाधिकारी अंध आणि मागण्याही त्यांनीच लिहिलेल्या. १६ मार्च १९८० रोजी नोकरीची मागणी घेऊन दिल्लीत निघालेल्या अंधांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठीमार केला. पांढऱ्या काठ्या हाती घेतलेल्या माणसांवर पडलेल्या त्या लाठ्यांनी देशाला प्रथमच जाणवून दिले, की ही माणसे मदत मागत नसून रोजगार मागत आहेत.

पुढची लढाई मुख्यतः न्यायालयांत झाली. १९९३ मध्ये महासंघाच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अंध उमेदवारांना लोकसेवा आयोगाची परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या साह्याने देण्याचा मार्ग मोकळा केला. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना तीन टक्के व त्यांतील एक टक्का दृष्टिहीनांना दिला. तो एक टक्का कशाचा, हा वाद अठरा वर्षे चालला. खाती म्हणत, दिव्यांगांना योग्य ठरविलेल्या पदांचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, संवर्गातील एकूण रिक्त पदांचा. २०१६ च्या कायद्याने एकूण आरक्षण चार टक्के झाले, दृष्टिहीनांचा एक टक्का कायम राहिला.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची कथा येथे आवर्जून आठवावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा पहिल्यांदा उत्तीर्ण होऊनही पूर्ण अंधत्वाच्या कारणावरून त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत घेतले गेले नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळविला आणि २०१९ मध्ये तिरुअनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रे हाती घेतली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द ठरविला, तेव्हा अंध न्यायाधीश होऊ शकतो का हा प्रश्न निदान कायद्यापुरता मिटला.

सहा टिंबांची मराठी

लुई ब्रेल (१८०९–१८५२) या फ्रेंच अंध तरुणाने रचलेली लिपी सहा टिंबांची आहे. त्यांच्या जुळणीतून ६३ आकृत्या होतात. स्वातंत्र्यानंतर भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये स्वीकारण्यात आली. तिचे वैशिष्ट्य असे, की ती आकारावर नव्हे, उच्चारावर बेतलेली आहे. मराठी 'क', बंगाली 'क' आणि इंग्रजीतील 'के' यांना एकच आकृती. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतात, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. जोडाक्षरासाठी अर्ध्या अक्षराच्या आधी हलन्ताचे एक टिंब येते. 'ळ'ला स्वतंत्र आकृती आहे, ही मराठीला हवीच अशी गोष्ट. पाटीवर जाड कागद अडकवून टोचणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे, हे डोळसाला कोडे वाटते. अंध मूल काही महिन्यांत ते आत्मसात करते.

वाचायला शिकल्यावर वाचायचे काय, हा प्रश्न उरतो. ब्रेल पुस्तक जाडजूड होते, महाग पडते आणि पोस्टाने येते. फेब्रुवारी २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, ते याच भुकेपोटी. थोरात नाटकवाले. १९९७ मध्ये त्यांनी ८८ अंध कलावंतांना घेऊन रंगमंचावर प्रयोग केला होता. पाठ्यपुस्तकाबाहेरचे, आजच्या घडामोडींचे वाचन अंध वाचकाच्या बोटांखाली यावे हा त्या पाक्षिकाचा हेतू होता. २०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन कोणतेही पुस्तक अंधांना वाचता येईल अशा रूपात आणायला लेखक-प्रकाशकांच्या परवानगीची गरज उरली नाही. याच तत्त्वावरील २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला.

तंत्रज्ञानाने एका हाताने काढून घेतले, दुसऱ्या हाताने दिले. १९९० च्या दशकात गावोगावच्या पिवळ्या एस.टी.डी. बूथवर दिव्यांग व्यक्ती बसलेली दिसे. आकडे बोटांना पाठ, आवाज ओळखीचे, अंधांना तो व्यवसाय मानवला होता. मोबाइलने बूथ संपविले. खासगी कार्यालयांतील टेलिफोन ऑपरेटरची पदेही त्याच लाटेत गेली. मात्र तोच मोबाइल पुढे बोलू लागला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली आता साध्या अँड्रॉइड फोनमध्येही असते. संगणकासाठी 'एनव्हीडीए' ही आज्ञावली दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनी २००६ पासून विनामूल्य उपलब्ध केली. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फाँटमधील मराठी या यंत्राला निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग वाटते. स्कॅन केलेला शासन निर्णय हे तिच्या लेखी चित्र असते. दिव्यांगांसाठीची योजना ज्या परिपत्रकात आहे, ते परिपत्रकच शिक्का मारून, तिरके स्कॅन करून संकेतस्थळावर चढविले की ते वाचू शकत नाहीत असे वाचक म्हणजे ज्यांच्यासाठी ते काढले तेच. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची सुलभता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे म्हटले. तहसीलच्या सूचनाफलकापर्यंत ते कधी झिरपते, हे पाहायचे.

सप्ताह, बाजार, मतदान

बीडच्या ग्रामीण जीवनात अंधांना सर्वांत जुने आणि हक्काचे स्थान दिले ते भजन-कीर्तनाने. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड यांच्या परिसरात सप्ताहांची परंपरा दाट आहे. पेटी, पखवाज, चाल सांगणारा गळा यांत डोळ्यांचे काम कमी. विदर्भातील गुलाबराव महाराजांनी (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावूनही शंभराहून अधिक ग्रंथरचना केली आणि ते 'प्रज्ञाचक्षू' म्हणून ओळखले गेले, हा दाखला कीर्तनकार नेहमी देतात. पण संगीताचा आधार हाच पुढे कुंपण होतो. अंध मूल म्हटले की पेटी शिकवा, हे इतके ठरून गेले आहे की ज्याला गणित आवडते त्याला कोणी विचारत नाही. टेलर फ्रेमवर आकडेमोड करणारी मुले शाळाशाळांत आहेत. गाव आणि बाजारपेठा फिरणारे अंध कलावंतांचे ऑर्केस्ट्रा हेही याच रस्त्यावरचे गाव. कलाही खरी, पोटही खरे, आणि पुढ्यात ठेवलेली दानपेटीही. तिकीट काढून ऐकायला येणारे श्रोते लाभले असते तर तीच मंडळी कलाकार म्हणून मिरवली असती.

खेळाने चित्र थोडे बदलले आहे. छर्रे घातलेला, खुळखुळणारा चेंडू जमिनीलगत टाकला जातो. अकरांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध असावे लागतात व त्यांच्या धावा दुप्पट मोजतात. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी कोलंबो येथे अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक भारताने नेपाळला हरवून जिंकला. त्या संघाची उपकर्णधार महाराष्ट्राची गंगा कदम होती. मुलीला अंधत्व असले की घराबाहेर पाठवायलाच नको, असे मानणाऱ्या घरांत या बातमीने किती फरक पडला असेल, ते मोजण्याचे माप नाही. परंतु अंध मुलीचे शिक्षण अंध मुलाच्या शिक्षणाहून लवकर सुटते, हे या क्षेत्रात काम करणारे नेहमी सांगतात.

आठवडी बाजारातील व्यवहार हा अंधांच्या स्वावलंबनाचा रोजचा कस असतो. २०१६ नंतरच्या मालिकेतील शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. म्हणजे चार मिलिमीटरवर शंभराचे दोनशे होतात. उठावाच्या खुणा कोऱ्या नोटेवर बोटाला लागतात, घामाने मऊ झालेल्या नोटेवर नाही. नॅबने या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून सांगणारे 'मणी' हे मोबाइल अ‍ॅप आणले. बाजाराच्या गर्दीत नोट उलगडून फोनसमोर धरणे किती जणांना जमते, ही बाब वेगळी. ओळखीच्या दुकानदाराकडूनच माल घेण्याची जुनी रीत अजून तरी अधिक चालते.

मतदानाच्या बाबतीत सोय बरी आहे. यंत्रावर बटणांशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतात, उमेदवारांची ब्रेल यादी मागता येते. सोबत्याकडून मत नोंदवायचे तर सोबती प्रौढ हवा, त्याने गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि त्या दिवशी त्याला दुसऱ्या कोणाचाही सोबती होता येत नाही. गावपुढाऱ्यांना ही शेवटची अट विशेष प्रिय नसावी. संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे मासिक अर्थसाहाय्य २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग २०२२ मध्येच अस्तित्वात आला होता.

प्रवासाचे गणित बीडपुरते नुकतेच बदलले आहे. एस.टी.त अंध प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेतही दुसऱ्या वर्गात व शयनयानात अंध प्रवासी आणि त्याचा सोबती या दोघांना तिकिटात ७५ टक्के सूट मिळते. परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून होती, त्यामुळे परळीच्या अंध माणसाला तिचा लाभ घेता येई. बीड शहरात मात्र पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरहून १७ सप्टेंबर २०२५ रोजी धावली, तोवर ही सवलत बीडकरांसाठी कागदावरची होती. तिच्यासाठी रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र काढावे लागते, आणि त्या अर्जाला सरकारी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते.